आईच्या गाण्याची मूळ कॅसेट

आई गेल्यावर तिच्या गाण्याची एकच व्हिडिओ कॅसेट मागे उरली होती. दादाने नेहरू नगरच्या घरी दोन व्हीसीआर जोडून तिची कॉपी केली आणि म्हणाला, "मूळ कॅसेट तू ठेव. मला कॉपी चालेल." मला भरून आलं.

माझ्या कॅसेटमध्ये आईचा चेहरा पुसटच दिसायचा. जुनी झाली असेल, असं मी समजत राहिले.

मागच्या दिवाळीला दादाने त्याच्याकडची कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून टीव्हीवर लावली. आईच्या नाकातली चमकीसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"म्हणजे मूळ कॅसेट तुझ्याकडेच आहे?" मी विचारलं.

"तू नीट सांभाळली नसतीस," तो शांतपणे म्हणाला.

पेनड्राइव्ह मी मागून घेतला. त्यानंतर त्याच्याकडे गेलेले नाही.