मसूरच्या पुढचा जोड

"मॅडम, जोड फेल," मशीनवाला म्हणाला तेव्हा ब्लॉक संपत आला होता.

ब्लॉक म्हणजे रुळाच्या कामासाठी लाइन बंद ठेवायची ठरलेली वेळ. मसूरच्या पुढे आम्ही रुळाचा चिरलेला तुकडा बदलत होतो. नवा तुकडा वितळलेलं लोखंड ओतून जोडतात. बाहेरून जोड चकचकीत दिसत होता, पण आत पोकळी राहिली होती. जोड तपासणाऱ्या मशीनने ती पकडली.

तेवढ्यात गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल रूमचा फोन आला.

"वेळेत लाइन देताय ना? गाडी मसूरला उभी आहे."

"देते," मी म्हणाले.

त्या गाडीत माझे मिस्टर होते. फौजेत हवालदार. त्यांची सुट्टी उंब्रजला घरी सरली, माझी ड्यूटी सातारा-कराड लाइनवर. आता कराडला गाडीत बसून ते परत निघाले होते. पुण्याहून पुढची गाडी चुकली असती तर हजेरीचा घोळ होता. सकाळी फोनवर म्हणाले होते, "दारात उभा ऱ्हातो. तेवढंच बघणं हुईल."

मुकादम बाबूमामा जवळ आले. "मॅडम, नवा जोड मारायला येळ न्हाई. एक गाडी हळू सोडू या का तशीच?"

"नाही. पट्ट्या लावा."

जोडाच्या दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी पट्ट्या ठेवून क्लॅम्पने आवळतात. मग गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सोडता येते. पक्का जोड पुढच्या ब्लॉकमध्ये. आख्खी गँग पान्यांना लटकली. शेवटचा क्लॅम्प मी स्वतः हलवून पाहिला, माणसं बाजूला केली आणि वेळेत लाइन दिली.

पहिली गाडी जाताना जोड दबतोय का, पट्टी सरकतेय का, हे बघणं माझं काम. मी वाकून बसले. चाकं एकेक करून जोडावरून जाऊ लागली. मधेच वरून हाक आली, "सुमे!"

मान वर केली नाही. शेवटचा डबा गेल्यावर उठले, तेव्हा गाडीची पाठ तेवढी दिसली.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"हाक ऐकली न्हाईस व्हय?"

"ऐकली."

मी एका हाताने क्लॅम्प पुन्हा हलवून पाहिला.

"अहो, पुण्याची गाडी मिळेल ना?"

"मिळंल की. तू टायमात सोडलंस."

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगते : पहिली गाडी जाताना नजर जोडावर ठेवायची. आणि जमलं तर गाडीत कोण आहे, हे आधी स्वतःला कळू द्यायचं नाही.