प्यो मिस्त्रीचे नऊ फोन

एका माणसाला नऊ फोन कशाला लागतात? प्यो गि-बोम आमच्याकडे कामाला लागला त्याच आठवड्यात मी त्याला हे विचारलं होतं. सेबोम अपार्टमेंटच्या तीन इमारतींची मी रहिवासी-प्रमुख. कोण कुठल्या मजल्यावर किती वाजता उतरतं, कुणाच्या दारात कुणाचे बूट दिसतात, हे मला ठाऊक असतं. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. बावीस वर्षांत आमच्याकडे एक चोरी झालेली नाही.

गि-बोम व्यवस्थापन कचेरीचा मिस्त्री. गळका नळ, गेलेला दिवा, अडकलेली लिफ्ट, सगळं त्याच्याकडे. वय चव्वेचाळीस, लग्न नाही, रस्त्यापलीकडे एका खोलीत बिऱ्हाड. माझ्या प्रश्नावर त्याने किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, एक जुना डबा उघडून पुढे केला. आत स्पंज कापून नऊ खाचा केलेल्या आणि प्रत्येकीत एकेक फोन.

"तसे आठच आहेत, ताई," तो म्हणाला. "हा काल वीट झाला."

वीट होणं म्हणजे काय, ते त्यानेच सांगितलं. फोनबरोबर जी प्रणाली येते ती काढून दुसरी घालायची, आणि मध्येच काही चुकलं की फोन कायमचा मरतो. तो मेलेला फोन त्याने टाकला नाही. तीन आठवडे रोज दुपारी एका हाताने भाताची किमबाप गुंडाळी खात दुसऱ्या हाताने त्याच्याशी झटत होता. शेवटी एकदाचा पडदा उजळला, तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांना कॉफी पाजली त्याने. मी कॉफी प्यायले, पण मनात म्हटलं, एवढा जीव लावण्यासारखं त्या फोनमध्ये आहे तरी काय?

त्याच्या फोनचं रूप दोन आठवडे कधी सारखं दिसायचं नाही. किमचीचा हंगाम आला की पडद्यावरची सगळी चित्रं भाज्यांची व्हायची. कॉल म्हणजे मुळा, निरोप म्हणजे लसणाचा गड्डा, घड्याळ म्हणजे उभा चिरलेला कोबी. सगळं स्वतः काढलेलं. एकदा मी त्याच्याच फोनवरून कचेरीत फोन लावायला गेले, तर मला मिरचीतून बाहेरच पडता येईना. स्वतःचा फोन दुसऱ्याला वापरता येऊ नये अशी व्यवस्था माणूस कशाला करतो, हा विचार माझ्या मनात आलाच.

आणि तरीही माझा फोन मी त्याच्याच हातात दिला.

आमच्या देशात विकल्या जाणाऱ्या फोनला फोटो काढताना आवाज करावाच लागतो. फोन मुका केला तरी कॅमेरा खटकन वाजतो. बायकांचे चोरून फोटो काढणाऱ्यांमुळे आलेला हा नियम, आणि चांगलाच आहे. पण माझी अडचण वेगळी होती. मंगळवारी सुका कचरा टाकायचा दिवस. लेबल न सोलता बाटल्या टाकणारे, तेलकट खोका कागदात सरकवणारे, यांचे फोटो मी पुरावा म्हणून काढायचे. खटकन वाजलं की माणूस वळून बघायचा आणि पुढचा आठवडाभर लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा.

गि-बोमच्या फोनला आवाज नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. तो दिवसभर मीटरचे आणि पंपाच्या काट्यांचे फोटो काढायचा, पण एकदाही खट नाही.

"हे कसं रे?" मी विचारलं.

"फोनला पटवायचं, की बाबा तू जर्मनीत आहेस. तिथे हा नियम नाही."

"आणि त्याला पटतं?"

"माणसांपेक्षा लवकर पटतं, ताई."

"हे बरं नव्हे."

"फोन मी घेतला. मग त्याने माझं ऐकायचं, की मी त्याचं?"

चार दिवसांनी मीच त्याच्याकडे गेले. तो जरा घुटमळला, म्हणाला, "कुणाला सांगू नका, आणि भलतीकडे वापरू नका." मी म्हटलं, मी काय लहान पोर आहे? त्या दिवशी माझाही फोन जर्मनीत गेला. वर्षभरात मी शेजाऱ्यांचे पावणेचारशे फोटो काढले, आणि कुणाला पत्ता लागला नाही.

मग नोव्हेंबरात किमची घालण्याचा दिवस आला. दरवर्षी आम्ही बायका वाहनतळावर पिंपं मांडून म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी किमची घालतो. कंबरेत वाकून पाचशे कोबी चोळायचे, कोपरापर्यंत लाल मसाला. फोटो काढायचं काम नेहमीप्रमाणे गि-बोमकडे. त्याने हौसेने काढले आणि संध्याकाळी रहिवाशांच्या फोनवरच्या गटात चौदा फोटो टाकले. फोटो सुरेख होते. फक्त एकात पुढे मसाल्याने माखलेले हात आणि मागे पिंपात वाकलेली आमच्याच इमारतीतली, हा-युन नावाच्या मुलीची आई. तिचा अंगरखा वर सरकलेला, पाठ उघडी. त्याचं लक्ष हातांकडे होतं. मी फोटो बघते तेव्हा माझंही आधी हातांकडेच जातं.

सातव्या मजल्यावरच्या एका पोरीने गटात लिहिलं, "प्यो मिस्त्री, हे तुम्ही कधी काढलेत? आम्ही एकही आवाज ऐकला नाही."

मग गटात धडाधड निरोप येऊ लागले. खरंच की, चौदा फोटो आणि आवाज एकही नाही! हा माणूस आमच्या न्हाणीघरात नळ बसवायला येतो. याच्याकडे आमच्या दारांच्या कुलपांचे आकडे आहेत.

मला खरं ठाऊक होतं. मी लिहायला हवं होतं. पण मी लिहिलं काय, तर "प्रश्न रास्त आहे." लोक त्याच्या फोनकडे बघत होते तोवर माझ्या फोनकडे कुणी बघणार नव्हतं. मी घाबरले होते, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्येष्ठांच्या दालनात बैठक भरली. गि-बोमने तो किमचीचा डबा आपणहून आणला आणि नऊच्या नऊ फोन टेबलावर ओळीने मांडले. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष मेंगसाहेब, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, चष्मा चढवून एकेक बघू लागले. दोनांत पंपाचे फोटो. उरलेले सात कोरे करकरीत.

"हे पुसले कधी?"

"रविवारी. नवीन आवृत्ती आली होती. ती घालायची तर आधी सगळं पुसावं लागतं."

"रविवारी? किमचीच्या दिवशीच?"

"आवृत्ती त्याच दिवशी आली, साहेब. मी दोन महिने तिची वाट बघत होतो."

खोलीत कुणीतरी हसलं. त्याचं बोलणं खरं होतं हे मला कळत होतं, कारण त्या आवृत्तीविषयी त्याने माझं डोकं खाल्लं होतं. पण ज्याला हा नाद ठाऊक नाही त्याने कोऱ्या फोनचा अर्थ काय लावावा? गि-बोम बिचारा पडद्यावरचे मुळे-लसूण दाखवत समजावू लागला, तसा आणखीच संशयास्पद दिसू लागला.

"नऊच आहेत कशावरून?" कुणीतरी विचारलं.

आणि मी म्हणाले, "तेही खरंच. एक दाखवला म्हणजे दुसरा नाही असं थोडंच?"

का म्हणाले? सवयीने. बावीस वर्षं मी असंच बोलत आले.

मग मेंगसाहेबांनी विचारलं, "आणखी कुणाच्या फोनचा आवाज बंद करून दिलास?"

माझा फोन माझ्या मांडीवर होता. मी त्यावर हात ठेवला. गि-बोमने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणाच्याच नाही. फक्त माझ्या."

पोलिसांत जायला हा-युनची आईच नको म्हणाली. एवढंच म्हणाली, की हा माणूस आमच्या घरात नको. वर्षअखेरीस त्याचा करार वाढवायचा नाही असं ठरलं. तेरा हात वर झाले, आणि त्यातला एक माझा होता.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी तो माझ्या दारात आला. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्यात तो डबा.

"ताई, फोन द्या. आवाज परत घालतो. उद्या कुणाच्या लक्षात आलं तर तुमच्यावर येईल."

मी त्याला आत घेतलं, बार्लीचा चहा ठेवला. तो जमिनीवर बसून तारा जोडू लागला. हात चालू असले की त्याचा चेहरा उजळतो, तसा त्याही दिवशी उजळला होता. मला ते बघवेना.

"त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्ही घ्याल असं वाटलं," तो म्हणाला. पडद्यावरची नजर काढली नाही.

चहा निवला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सगळं पुसावं लागलं. बाजूला काढून ठेवलेले जुने फोटो परत घालू? पावणेचारशे आहेत."

"नको."

"मग झालं. काढून बघा एक."

मी त्याचाच काढला. डबा मांडीवर घेऊन बसलेला. खट! केवढ्याने वाजलं ते. आमच्या गटात त्याचा एकही फोटो नव्हता, कारण फोटो काढणारा नेहमी तोच असायचा.

तो गेल्यावर मी तो फोटो गटात टाकला आणि खाली सगळं लिहिलं. माझा फोन वर्षभर मुका होता, मीच मागून करून घेतला होता, त्याने मला वाचवलं, मी गप्प बसले. निरोपाशेजारी न वाचलेल्यांचा आकडा दिसतो. तीनशे अकरा होता, मग दोनशे, मग चाळीस. वाचत सगळे होते, उत्तर कुणाचं नाही. शेवटी मेंगसाहेबांनी लिहिलं, की नव्या मिस्त्रीचा करार झालेला आहे. गि-बोमला गटातून आधीच काढलेलं होतं, त्यामुळे मी लिहिलेलं त्याने वाचलंच नाही. तो आता एका बस आगारात आहे म्हणे. त्याला भेटायला मी अजून गेलेले नाही.

पुढच्या मंगळवारी मी बाटल्यांची पिशवी घेऊन खाली उतरले. बायका बोलता बोलता थांबल्या आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या हाताकडे. मी मुद्दाम फोन वर धरला आणि सूचनाफलकाचा एक फोटो काढला. खट. ऐका बायांनो, वाजतो माझा फोन.

हा-युनची आई शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "एक दाखवला म्हणजे दुसरा नाही असं थोडंच?"

मी फोन खिशात टाकला आणि खाली बसून बाटल्यांची लेबलं सोलू लागले.