घोंगडीतला गुंड

आमच्या घराण्यात बॉक्सिंगचा कप मिळवणारा मी पहिला आणि, देवाच्या कृपेनं, शेवटचा.

मुंबईत गोदीत उमेदवारी करत असताना हा नाद लागला. पुढं आमच्या गावी, पनवेललाच, मिठाच्या कचेरीत चिकटलो आणि एक कप, ग्लोव्हजची एक जोडी आणि एक वाकडं नाक एवढी कमाई घेऊन घरी परतलो. कप आईनं देवापुढं ठेवला. ग्लोव्हज तिनं चुलीवरचं पातेलं उतरवायला घेतले. नाकाचा मात्र कोणालाच काही उपयोग सुचला नाही.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण कुसुम शेजारच्या विचुंबे गावच्या शाळेत मास्तरीण झाली. रोज शेताच्या बांधावरून पायी जायची, पायी यायची. शाळा म्हणजे तिचा जीव की प्राण! पण एक दिवस कोणी टवाळखोर वाटेत तिच्या मागे मागे आला, काहीबाही बोलला, आणि कुसुमनं घरी येऊन ते सांगितलं. (इथंच चुकलं तिचं.)

आमचे अण्णा कोर्टात कारकून. त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला. "उद्यापासून नोकरी बंद!"

"आणि माझी मुलं?" कुसुमनं विचारलं.

"कुठली मुलं?" अण्णा दचकले.

"शाळेतली हो!"

कुसुम रडली नाही, ओरडली नाही. जेवणाचं वाढलेलं पान बाजूला सारलं आणि उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी आई म्हणाली, "घरात एवढा बॉक्सर बसलाय, त्यानं शिकवावं की तिला!" अण्णा थोडे नरमले. "हिला स्वतःचं रक्षण करता येतं हे मी डोळ्यांनी पाहीन, मगच पुढचं," असं म्हणाले.

झालं! मी अंगणात खडूनं रिंगण आखलं. "कुसुम, गार्ड वर! उजवी मूठ हनुवटीपाशी, डावी पुढं!"

"दादा, हातात वह्या असतात माझ्या."

"त्या खाली ठेवायच्या."

"आणि छत्री?"

"तीही ठेवायची."

"आणि तोपर्यंत तो काय करणार? वह्या तपासणार?"

मी तिला पायांची चपळाई दाखवायला गेलो. नऊवारीतल्या आईनं ती पाहून "याला मुंग्या चावल्या का गं?" असं विचारलं, आणि कुंपणापलीकडून कोणीतरी खो खो हसलं. ते रूबेनकाका होते.

रूबेनकाका आमचे शेजारी. पलटणीतून निवृत्त झालेले, सहा फुटी, मिशा अशा की अण्णासुद्धा त्यांच्याशी बोलताना टोपी सारखी करत. कुंपण ओलांडून आत येत ते म्हणाले, "अरे बाळा, रिंगणात पंच असतो, घंटा असते, कमरेखाली मारायचं नाही असा नियम असतो. रस्त्यावर यातलं काय असतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग तुझं बॉक्सिंग ठेव त्या कपात! पोरी, आधी बोंब मारायची. मग टाचेनं पाय चेचायचा. मग छत्रीचं टोक खुपसायचं आणि धूम ठोकायची."

"पळायचं?" माझ्यातला खेळाडू दुखावला. "हा पळपुटेपणा झाला, काका!"

"घरी सुखरूप पोचलेल्या माणसाला पळपुटा म्हणत नाहीत. बरं, गुंड कोण होतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी रूबेनकाका शिकवत, कुसुम शिकत आणि मी ओरडत असे. पोरगी भलतीच तयार झाली! माझा पाय सुजून चपलेत जाईना. कचेरीत साहेबांनी "खेळताना लागलं वाटतं?" असं विचारलं, तर मी "हो, तालीम चालू आहे," म्हणालो. कोणाची, ते सांगितलं नाही.

पण अण्णांचं समाधान होईना. "भावाला कोणीही लाथ मारील! परका माणूस अंगावर आला म्हणजे कळेल."

आता परका माणूस आणायचा कुठून? कोणी तयार होईना. (माझा पाय साऱ्या आळीनं पाहिला होता.) शेवटी ठरलं की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मीच वाटेत घोंगडी पांघरून बसायचं. अण्णा बाभळीमागं लपून परीक्षा घेणार. कुसुमला अर्थातच पत्ता नाही.

घोंगडीतून मला फक्त समोरची चार हात जमीन दिसत होती. आणि घोंगडी चावत होती! इतक्यात बांधावरून छत्री आली. निळ्या दोऱ्यानं ठिगळ लावलेली कुसुमची छत्री, आणि खाली तिची वह्यांची पिशवी. मी "हाऽऽ" करून झेप घेतली आणि मनगट पकडलं.

मनगट कुसुमचं नव्हतं.

ते हिराबाईचं होतं. हिराबाई विचुंब्याची, रोज सकाळी भाजी विकायला पनवेलच्या बाजारात येणारी; त्या दिवशी काही कामानं दुपारी पुन्हा पनवेलला निघालेली. तिची तान्ही पोर कुसुमनं कौतुकानं कडेवर घेतली होती, म्हणून कुसुमची छत्री-पिशवी हिराबाईकडं! पोरीला बोरं दाखवत कुसुम मागं रेंगाळली होती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की आभाळ खाली आहे आणि हिराबाई वर!

"मेल्या, बायांना धरतंस?" छत्री माझ्या पाठीवर नाचू लागली. "धावा रं धावा!"

मी बॉक्सर! पण घोंगडीत गुंडाळलेल्या बॉक्सरनं गार्ड कुठून वर करायचा? शेतातून माणसं दांडकी घेऊन धावली. कोणीतरी मला दोरीनं आवळलं.

"कोन हाय रं तू?"

"मी मास्तरीणबाईंचा भाऊ!" मी घोंगडीतून ओरडलो.

"मास्तरीनबायचा भाव असली कामं करंल काय? खोटारडा!"

"अहो, त्या बाभळीमागं आमचे अण्णा आहेत, त्यांना विचारा!"

"अरं, अजून एक हाय!" दोघं तिकडं धावले आणि कोट, टोपी, उपरण्यासकट अण्णांना बाहेर ओढून आणलं. माझ्या तोंडावरची घोंगडी दूर केली.

"यो तुमचा पोरगा हाय?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. दांडक्यांकडं पाहिलं. पुन्हा माझ्याकडं पाहिलं. उभा जन्म कोर्टात गेलेला माणूस! खाकरून म्हणाले, "चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो."

"अण्णाऽऽ!"

तेवढ्यात कुसुम आली. कडेवर पोर, पोरीच्या तोंडात बोर. आधी ती घाबरली, मग सगळा प्रकार लक्षात आला आणि बांधावर बसून हसत सुटली. तिला बोलता येईना आणि इकडं दोरी सैल होईना! अखेर डोळे पुसत म्हणाली, "सोडा हो त्यांना. हा माझा भाऊ आणि हे माझे वडील."

"दोगं पन?" हिराबाईनं अविश्वासानं विचारलं.

मग मला सोडलं, पाणी दिलं, पाठीला हळद लावली. सगळी हकीकत ऐकल्यावर हिराबाई कमरेवर हात ठेवून अण्णांसमोर उभी राहिली. "मास्तरीनबाय शाला सोरायची नाय! सकालचं आमी बाया बाजार करून परततो, तवा ती आमच्यासंग येल. सांच्याला माजा घरवाला पोचवील. आनि त्या टवाल्याचं नाव सांगा मना, त्याला बगतंय मी."

अण्णांनी छत्रीकडं पाहिलं. तिच्या काड्या चारी दिशांना गेल्या होत्या. "नाही... म्हणजे, सोडा असं कुठं म्हटलं मी?" ते म्हणाले. घरी येईपर्यंत ते माझ्या बाजूनं, मला आधार देत चालले. मधेच हलक्या आवाजात म्हणाले, "फार लागलं का रे?" मी नाही म्हणालो. तेही खोटंच होतं, पण बापलेकांचा हिशेब तिथं मिटला.

कुसुमनं शाळा सोडली नाहीच, उलट दर शनिवारी मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग काढला. रूबेनकाका शिकवायला, आणि गुंड म्हणून मी! गावातल्या यच्चयावत पोरींनी माझ्या पायावर टाच उगारली. माझी कीर्ती पार उरणपर्यंत गेली, कारण पुढं तिथलंच एक स्थळ मला सांगून आलं. मुलीचे वडील चौकशीला पनवेलात आले, तेव्हा रूबेनकाकांनी त्यांना मोकळेपणानं सांगितलं, "मुलगा निर्व्यसनी आहे, आणि बायकांच्या हातचा मार हसत खातो."

मुलगा न पाहताच त्यांनी होकार कळवला.