दाराबाहेरचा डबा

नवरा गेल्यापासून शिंपीणकाकू स्वतःच पहाटे उठून कचरा कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकून येत. औषधांची रिकामी पाकिटं कुणाच्या नजरेस पडायला नकोत.

एके दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"देव आहे की."

"देवाला सही करता येत नाही, काकू!" मग त्या समजावू लागल्या, "प्रत्येक पेशी आपल्यातलं जुनं मोडते आणि त्याचे तुकडे बाहेर मांडते. गस्तीच्या पेशी ते बघून आजारी पेशी ओळखतात. तुमच्या गाठीतल्या पेशी तुकडे लपवताहेत. ते पुन्हा बाहेर दिसावेत, म्हणून हे औषध. पण सोबत माणूस हवंच, नाहीतर सुरू करता येणार नाही."

घरी काकू बराच वेळ देवापुढे बसून राहिल्या. सोबतीला कुणाचं म्हणून नाव आठवेना. सकाळी मात्र त्यांनी कचऱ्याचा डबा पाकिटांसकट दाराबाहेर ठेवला.

"अहो काकू, इतक्या गोळ्या कोण खातं?" कचरेवालीने विचारलं.

"मीच. कॅन्सर आहे गं. सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात येशील?"

कचरेवाली हातमोजे काढून पायरीवरच टेकली. "येते की. पण इतके दिवस तोंडाला कुलूप कशाला लावलं होतं?"