यादीतला चौदावा क्रमांक

नवऱ्याला स्ट्रोक आला ऑगस्टमध्ये. तिसऱ्या दिवशी मी करोल बागेतून, हॉस्पिटलमागच्या दुकानातून, दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर औषधं, दुसऱ्यावर व्यायाम, तिसऱ्यावर कोणाला काय कळवायचं ते. पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची बस दर जानेवारीत जाते आणि तिची हजेरी तो घेतो, ते काम यंदा दुसऱ्या कोणाला द्या, हेही त्यात होतं. ती ओळ मी लिहिली आणि त्याला दाखवली नाही.

उजव्या हातापायातली ताकद परत येईल असं डॉक्टर म्हणाले, आणि ती येत गेली. प्रश्न जिभेचा होता. त्याला सगळं समजत होतं, वाचता येत होतं, शब्द आठवत होते, पण जीभ त्याचं ऐकत नव्हती. ‘स’ निसटायचा, ‘र’ यायचाच नाही, आणि दोन अक्षरांच्या मध्ये तो असा थांबायचा की समोरच्याला वाटावं, वाक्य संपलं.

त्याचं कामच बोलण्याचं. गुडगावच्या एका मोठ्या हॉटेलात वाइन वाढणाऱ्या मुलामुलींना तो शिकवतो. बाटली कशी धरायची, कुठली किती गार द्यायची, आणि सगळ्यात जास्त वेळ, वाइनरींची नावं कशी म्हणायची. त्यातली बरीचशी फ्रेंच. सुरुवातीला शातो, नाही तर दोमेन, नाही तर क्लो. म्हणजे गढी, जमीन, कुंपण, आपल्या गावाकडच्यासारखेच साधे अर्थ. पण लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच, शेवटची दोन-तीन अक्षरं तर नुसती शोभेला. तो म्हणायचा, “पाहुण्याने चुकीचं म्हटलं तर चालतं. वाढणाऱ्याने चुकीचं म्हटलं की पाहुणा ओशाळतो, कारण त्याला वाटतं आपणच चुकलो.”

शिकवण्याची त्याची एक ठरलेली रीत होती: आधी कान, मग डोळा. पहिल्या तासाला कागद द्यायचा नाही. तो नाव म्हणणार, मुलं त्याच्यामागे म्हणणार, आणि नाव तोंडात बसल्यावरच ते छापलेलं दिसणार. आधी कागद दिला की मुलं एकेका अक्षराला न्याय द्यायला जातात, असं त्याचं म्हणणं.

सप्टेंबरात त्याचा मॅनेजर आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये फळं घेऊन आला. सज्जन माणूस, बोलताना सारखा घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत होता. “सर, आप आराम कीजिए,” तो म्हणाला. “दिसंबर में नया बैच है. एक सेशन लीजिए, फिर देखते हैं. नहीं हुआ तो स्टोर तो है ही. वहाँ आराम है.”

स्टोर म्हणजे तळघर. तिथे बाटल्या ठेवतात आणि त्यांची नोंद ठेवायला एक माणूस बसतो. मॅनेजर जाईपर्यंत नवरा अर्ध्या तोंडाने हसत राहिला. दार लागल्यावर त्याने दोन शब्द म्हटले, त्याला मिनिटभर लागलं. “बाटल्यांशी... बोलू?”

मी वहीत लिहिलं: डिसेंबर, एक तास.

स्पीच थेरपिस्ट चांगली होती. तरुण, हसरी, वक्तशीर. तिने सरावाला हिंदी शब्दांची यादी दिली: कमल, सड़क, बटन, गिलहरी. तो एकदा म्हणायचा, दुसऱ्यांदा म्हणायचा आणि तोंड मिटून घ्यायचा. “पहिलीत... बसवलंय मला,” असं त्याने एकदा म्हटलं. तीन आठवडे माझ्या वहीत ‘सराव’ हा रकाना जवळजवळ रिकामा राहिला, आणि रिकामा रकाना मला सहन होत नाही.

एका रविवारी त्याची ऑफिसची बॅग साफ करताना शिकवण्याचा फोल्डर सापडला. त्यात चाळीस वाइनरींची नावं होती. मी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, तक्ता करायला मला दहा मिनिटं लागतात. क्रमांक, नाव, सकाळ, संध्याकाळ, जमलं. कागद घेऊन मी चहाला त्याच्यासमोर बसले आणि पहिला क्रमांक मोठ्याने वाचला. सगळ्या अक्षरांसकट, जसा लिहिला होता तसा.

त्याने डोळे मिटले.

मी दुसरा वाचला. तिसऱ्याला त्याने कप खाली ठेवला. “अगं... नाव आहे ते. फायलीतलं नोटिंग... नाही.”

“मग तू म्हण.”

त्याने म्हटलं. तीनदा अडखळला, चौथ्यांदा निम्मं आलं. मी सकाळच्या रकान्यात अर्धी खूण केली. त्याने कागद वळवून पाहिला आणि म्हणाला, “दुसरं... वाच. पण हळू. त्रास होतो.”

कागद मी वहीत चिकटवला, आणि तेव्हापासून सकाळी ऑफिसला निघण्याआधी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं. त्यातून एक मजेशीर गोष्ट कळली. आपला ‘र’ जिभेच्या टोकाचा, तो त्याला येईना. फ्रेंच ‘र’ घशातून, गुळण्या केल्यासारखा, तो दुसऱ्याच आठवड्यात आला. आमची मुलगी कॉलेजात आहे, दिल्लीतच वाढलेली. ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “बाबांना मराठी र येत नाही आणि फ्रेंच येतो. यार, काय फॅन्सी पेशंट आहे.” तो इतका हसला की चहा सांडला. थेरपिस्टला मी भीत भीत यादी दाखवली, तर ती म्हणाली, “चलेगा आंटी, बिल्कुल चलेगा. जो बोलने का मन हो, वही बुलवाइए.”

नोव्हेंबर संपेपर्यंत एकोणचाळीस खुणा झाल्या होत्या. राहिला एकच, चौदावा. नावं मी इथे देत नाही; आमच्या घरात ती अजूनही क्रमांकानेच ओळखली जातात. चौदा म्हणजे शार्डोने ही पांढरी वाइन करणारं एक घराणं, तीन तुकड्यांचं नाव. मधल्या तुकड्यात ‘स’ आणि ‘ल’ एकमेकांना खेटून येतात. तिथे त्याची जीभ दरवेळी थांबायची, ‘स’चा बोबडा ‘थ’ व्हायचा, मग एक श्वास, आणि मग ‘ल’.

त्याला स्वतःला म्हणता येत नसल्यामुळे ते बरोबर कसं ते मला दाखवताही येईना. मी म्हणायचे, तो बोट हलवायचा: नाही. पुन्हा म्हणायचे: नाही. मुलीने फोनवर कोणाचा तरी उच्चार शोधून ऐकवला, तोही त्याने उडवून लावला. “अमेरिकन,” म्हणाला, आणि हा शब्द त्याला पहिल्या झटक्यात आला. असं करता करता महिन्याभराने मी एकदा चौदा म्हटला आणि त्याचं बोट हललं नाही. माझ्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता, त्यामुळे ते लिहिलं गेलं नाही.

डिसेंबरात मी अर्धी रजा टाकून त्याला गुडगावला घेऊन गेले. गाडी मी चालवत होते. तो शेजारी मफलर गुंडाळून बसला होता, ओठ हलवत. महिपालपूरच्या सिग्नलला हॉटेलातून मेसेज आला. त्याने नेहमीप्रमाणे एक जुनी शार्डोने मागितली होती. मिळालेली बाटली बारा वर्षांची होती. पावसाळ्यात तळघरात ओल आली, लेबल कुजून गेलं, त्यामुळे पाहुण्यांपुढे नेण्यासारखी राहिली नाही, म्हणून शिकवण्यासाठी दिली. वाइनरी: क्रमांक चौदा.

मी म्हटलं, “अरे, बदलून मागू या. सांगते मी फोन करून.”

“नको.”

“एकोणचाळीस बाकीच्या आहेत.”

“जुनी शार्डोने... हीच आहे.” थोड्या वेळाने म्हणाला, “तू पाहुणी... बस.”

त्याच्या तासाला कोणीतरी टेबलाशी पाहुणा म्हणून बसतं आणि मुलं त्याला वाढतात. एरवी कोणी मोकळा कर्मचारी बसतो. मी एरवी वाइन पीत नाही. पण बसायचं काम आहे म्हटल्यावर बसले.

मुलंमुली आठ होती, काळ्या जॅकिटांत, हात मागे. मॅनेजर मागच्या भिंतीशी उभा. नवऱ्याने डाव्या हाताने बाटली उचलली, उजव्याचा नुसता आधार दिला, आणि ओतली. एक थेंब सांडला नाही. रंग मोहरीच्या तेलासारखा दाट पिवळा. मी ग्लास उचलायला गेले तर तो म्हणाला, “मॅडम, रुकिए. ठंडी में ये... चुप रहती है. थोड़ा गरम होने दीजिए.”

सगळे थांबले. आठजण ग्लासाकडे बघत उभे. त्या पाच मिनिटांत त्याला बोलावं लागलं नाही, आणि मला वाटलं, हे बरंच झालं.

मग त्याने स्वतः वास घेतला, घोट तोंडात फिरवून वाडग्यात थुंकला. डॉक्टरांनी वाइन गिळायला बंदी केली होती. थुंकायला हरकत नाही हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. मग माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, बताइए.”

मला द्राक्षांचा आंबट वास येईल असं वाटलं होतं. तो नव्हताच. लोणी कढवताना शेवटी तळाशी बेरी धरते आणि घरभर वास सुटतो, तो वास होता. मागे थोडा मध, आणि अगदी शेवटी ओल्या पाल्याचा. चव मात्र अजून ताठ, लिंबासारखी. बेरीला हिंदीत काय म्हणतात ते मला आठवेना. मी म्हटलं, “मक्खन से घी बनाते हैं ना, नीचे जो भूरा-भूरा बचता है, वो.”

पुढे उभी असलेली एक मुलगी पटकन म्हणाली, “वो तो हम शक्कर डालके खाते थे, मैम.” सगळे हसले. नवरा म्हणाला, “लिखो. मक्खन... भूरा होने तक.” तासाला रंग चढला होता.

मग तो नावावर आला. लेबल नव्हतं, कागद तो देत नाही. त्या नावाचं जे काही व्हायचं ते त्याच्या तोंडूनच. त्याने ते म्हटलं. पहिला तुकडा स्वच्छ. दुसऱ्यात ‘थ’, एक श्वास, ‘ल’. तिसरा स्वच्छ.

आणि आठही जणांनी ते तसंच म्हटलं. तोच ‘थ’. त्याच जागी तोच श्वास. नीट, आदराने, एका सुरात. मग एकेकाने म्हटलं, आणि प्रत्येकाने तो श्वास मोजून घेतला. फ्रेंच असंच असतं, असं त्यांना वाटत होतं. मॅनेजरने मागून मान डोलावली आणि मला अंगठा दाखवला. त्यालाही त्या नावाचा खरा उच्चार माहीत नव्हता. त्या खोलीत चूक कळलेली माणसं दोनच होती.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच खुणावलं: पुढे चल. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तळघर होतं. तास पास झाला होता. एका नावाने असं काय बिघडणार?

तो टेबलावर हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, “रुको. ये ग़लत है.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. कोण चुकलं ते त्यांना कळेना.

“तुम नहीं. मैं.” त्याने जिभेकडे बोट नेलं. “ये बीमार है.” मग कानाला हात लावला. “ये नहीं. मेरे मुँह से... मत सीखो.” आणि मला मराठीत, “तू म्हण.”

“मी पाहुणी आहे.”

“म्हण गं.”

मी म्हटलं. त्याचं बोट हललं: पुन्हा. घाबरून मी शेवटचं अक्षर म्हटलं होतं, जे म्हणायचंच नाही. दुसऱ्यांदा म्हटलं. बोट खाली आलं. “ये,” तो मुलांना म्हणाला. “इनसे... सुनो.”

ते नाव मी आठ जणांसाठी आठ वेळा म्हटलं, ग्लास हातात धरून. तो डोळे मिटून ऐकत होता. एक मुलगा ‘ल’ लांबवत होता, त्याला तीनदा परत पाठवलं. एकीचा शेवट ठसक्यात येत होता, तिला हाताने खाली दाबून दाखवलं. शक्कर डालके खाणारीला पहिल्याच वेळी आलं. तिच्यासाठी त्याने बोट हलवलं नाही, नुसती मान वाकवली. शेवटी कागद वाटले गेले. नावात किती अक्षरं मुकी आहेत ते पाहून मुलं कुजबुजली.

लिफ्टपाशी मॅनेजर पुन्हा घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत होता. “सर, मुझे तो पता ही नहीं चलता,” तो म्हणाला. मग पट्टा सोडून म्हणाला, “पूरा बैच आप लीजिए. बोलने के लिए कोई साथ रख लेंगे.”

“वो लड़की,” नवरा म्हणाला. “घी वाली.”

ती मुलगी मुनिरकात खोली घेऊन राहते, आमच्या वाटेवरच. आम्ही तिला गाडीतून सोडलं. मागच्या सीटवरून ती सबंध रस्ताभर नावं म्हणत होती आणि तो पुढे बघत, बोट वर-खाली करत होता. मी गाडी चालवली. तासाला मी मानेने केलेली ‘पुढे चल’ची खूण त्याने पाहिली होती.

घरी मुलीने दार उघडताच विचारलं, “कसं झालं?” तो म्हणाला, “वही आण.” तिने आणली. त्याने चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं, पेन डाव्या हातात घेतलं आणि ‘जमलं’च्या रिकाम्या रकान्यात वाकड्यातिकड्या अक्षरांत एक शब्द लिहिला: तुला. मग त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

मी त्या पानाला नवा रकाना आखला. त्याचा चौदा अजून यायचा आहे. सकाळची वीस मिनिटं चालूच आहेत.