समुद्राच्या नावाचा आजार

शिवरात्रीच्या संध्याकाळच्या फराळाची भगर सुपात घेऊन बसले होते. अर्धीअधिक निवडायची होती, तेवढ्यात खुशाल आला आणि उंबऱ्यावरच टेकला. तोंडावर रंग नव्हता.

खुशाल आमच्या गल्लीतला ट्रॅक्टरवाला. लग्न केलं नाही, बोलायला तिखट. शेजारच्या गुलाबबाईच्या मयुरीला थॅलेसेमिया आहे. तिला सारखं रक्त चढवावं लागतं. तिचा गट गडचिरोलीच्या रक्तपेढीत नसला की त्याच गटाचा हा रक्त द्यायला जातो. नातं काही नाही.

आजाराच्या त्या नावाचा अर्थ मयुरीनेच मोबाईलवर शोधला होता. डॉक्टरांनी ते ग्रीक लोकांच्या जुन्या भाषेतून जुळवलं. थालासा म्हणजे समुद्र, हैमा म्हणजे रक्त. आधी सापडलेले रोगी समुद्राकडच्या मुलखातले होते म्हणे.

"आपण तं वैनगंगेच्या पुढं गेलो नाई," खुशाल तेव्हा म्हणाला होता. "इथी कसा आला व तुझा समुद्र?"

"तुमच्याच ट्रॅक्टरवर बसून आला असन, काका."

पोर हसली होती. ओठ तेव्हाही पांढरेच.

"आज काय झालं रे?" मी खुशालला विचारलं.

"रक्तपेढीवाल्यायनं इचारलं, जेवून आला का. हो म्हणलो."

"मग?"

"जेवलो कुठी, बाई. पाण्याचा घोट नाई. रातभर पायी मार्कंड्याच्या महादेवाले गेलो, दर्शन घेतलं अन् सीधा तिथी. अर्धी पिशवी भरली, अन् डोळ्यापुढं अंधारी आली."

अर्धी भरलेली पिशवी चढवता येत नाही. ती टाकून दिली. त्या गटाची दुसरी नाही. सणामुळे कोणी द्यायलाच आलं नव्हतं. मयुरी तिथे दवाखान्यात खाटेवर धापा टाकते आहे, गुलाबबाई पायथ्याशी बसली आहे.

"खोटं काऊन बोलला? खाऊन जायचं होतं."

"तिच्यासाठीच धरला होता निर्जळी उपास. मोडला असता अन् तिले काई झालं असतं तं?"

त्याच्या जागी मीही मोडला नसता. गूळपाणी करून दिलं. त्याने पेला नुसता हातात धरून ठेवला.

आज सारं गाव उपाशी. चामोर्शीचा मुबीनभाऊ टेलर तेवढा जेवलेला असेल, आणि त्याचा गट हाच आहे. फोन लावला, लागला नाही. सूप तसंच फळीवर ठेवलं आणि मुबीनभाऊला आणायला चामोर्शीला निघाले.