मागच्या दाराचा अलार्म

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसूनच. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गेली. एखादी गोष्ट घडली म्हणजे तिला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर कुठेतरी वायर लूज आहे... इतका साधा माझा हिशोब. आता स्वतःवरच लिहायची वेळ आली आहे. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा.

मी नगरजवळ केडगावात राहते. (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही.) पुणे रोडवरून आत, नव्या प्लॉटिंगमध्ये आमचं बैठं घर आहे. पुढे फाटक, मागे धुण्याचा दगड आणि एक पायरी. आजूबाजूचे निम्मे प्लॉट रिकामेच, नुसतं गवत. मागच्या बाजूला मंगलचं घर. ती मूळची हिवरे बाजारकडची, म्हशी पाळते, माझं दूधही तिच्याकडूनच. मिस्टर गेल्यापासून मी एकटी. मुलगा निखिल हैदराबादला.

गेल्या वर्षी कॉलनीत दोन-तीन घरं फुटली. निखिल घाबरला आणि त्याने ऑनलाइन अलार्मचा सेट पाठवला. बसवायला माणूस बोलव म्हणाला. मी म्हटलं, आयुष्यभर पोरांना सर्किट जोडून दिली, एवढं मला जमेल. आणि जमलंही. दोन्ही दारांच्या चौकटीवर सेन्सर, दाराच्या फळीवर लोहचुंबक, हॉलच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा, मागच्या दाराशी आतून पिन टाकायचं की-पॅड. मागचं दार पावसाने फुगलेलं, त्यामुळे चुंबक आणि सेन्सर समोरासमोर येईनात. खाली पुठ्ठा चिकटवून तेही जुळवलं. फार दिवसांनी कसल्यातरी कामात जीव रमला होता.

मग मोबाईलमधलं अ‍ॅप विचारायला लागलं. घरात किती जण राहतात? एक. कुटुंबातल्या व्यक्ती जोडा... ते मी सोडून दिलं. शेवटी सायरनची चाचणी. त्यात लिहिलं होतं, एकाने आत थांबावं आणि दुसऱ्याने बाहेर जाऊन आवाज ऐकू येतो का ते पाहावं. मी बटण दाबलं आणि स्वतःच पळत फाटकापर्यंत गेले. केवढा तो आवाज! रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. पण एकही दार उघडलं नाही, कोणी डोकावलं नाही. माझंच घर ओरडतंय आणि मी एकटीच ते ऐकत उभी आहे... आत जाऊन बंद केलं. त्या दिवशी जेवायची इच्छा झाली नाही.

पिन मी कोणालाच सांगितला नाही. निखिललाही नाही. त्याने विचारला नव्हता.

दिवाळीनंतर निखिल मला हैदराबादला घेऊन गेला. महिनाभर राहा म्हणाला. पण पोहोचल्यावर कळलं की त्याच्या मनात वेगळंच होतं. केडगावचं घर विकायचं आणि मी कायमची तिकडेच राहायचं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. तो आणि सूनबाई सकाळी कामावर जायचे, ते अंधार पडल्यावर यायचे. मी चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायची. इथे एकटं आणि तिथेही एकटं, मग निदान मुलाजवळ तरी, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं.

त्या दिवशी दुपारचा चहा घेऊन बाल्कनीत बसले होते. मोबाईल थरथरला. ‘मागचं दार उघडलं.’ मी चष्मा शोधेपर्यंत दुसरा मेसेज. ‘योग्य पिन टाकून अलार्म बंद केला.’

मी कप खाली ठेवला आणि दोन्ही मेसेज पुन्हा वाचले. दार उघडणं समजू शकते... पुठ्ठा सुटला असेल, चुंबक सरकलं असेल. पण पिन?

मी ताबडतोब मंगलला फोन लावला. म्हटलं, जरा घराकडे बघ, मागच्या दाराने कोणीतरी आत शिरलंय.

ती हसायला लागली. "काय ताई, चेष्टा करता व्हय? आत्ता तर बोललो आपन."

मी विचारलं, कोण बोललं?

"आवो, तुमीच. मागं पायरी धूत हुता. मी इचारलं, कवा आलात? तर म्हनलात, मी कुठं गेल्ते?"

मी तिला सांगितलं की मी हैदराबादहून बोलतेय.  मग फोन चालू ठेवूनच ती माझ्या घराकडे गेली. तिच्या चपलांचा आवाज येत होता. तो थांबला. दार आतून बंद आहे म्हणाली. हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "पायरी वली हाय."

निखिलने त्या संध्याकाळी कंपनीला फोन केला. त्यांचं म्हणणं, पिन की-पॅडवरूनच, म्हणजे घरात उभं राहूनच टाकला गेला आहे. निखिलने सिस्टीमच बोगस आहे म्हणून विषय संपवला. मी दुसऱ्या दिवशीच्या बसने निघाले. तो खूप चिडला, पण मी थांबले नाही.

घर जसंच्या तसं होतं. पुढचं कुलूप शाबूत, मागची कडी आतून लावलेली, पुठ्ठाही जागच्या जागी. कपाटातली चिल्लरसुद्धा हललेली नव्हती. फरशीवर महिन्याची धूळ, आणि तिच्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता. मी खोलीखोलीतून फिरले. वेड्यासारखं वाटेल, पण मी विचारलंसुद्धा, कोण आहे? भीती मात्र वाटली नाही.

संध्याकाळी मंगल दूध घेऊन आली. उंबऱ्याच्या आत येईना. मी तिला परत परत म्हटलं, दुसरंच कोणी असेल, लांबून नीट दिसलं नसेल. ती म्हणाली, लांबून कसलं, हातभरच अंतर होतं. साडी माझी, आवाज माझा. मग जरा घुटमळली.

"फोनवर बोलले न्हाई," ती म्हणाली. "तुमी लई खुशीत हुता ताई. मालक गेल्यापासनं तुमाला आसं हसताना पाहिलंच न्हाई मी. बोलता बोलता आतून हाक आल्यागत तुमी वळलात. 'आले हो' म्हनलात, आन् आत गेलात."

मी विचारलं, हाक तुला ऐकू आली का? ती नाही म्हणाली.

घर मी विकलं नाही. निखिल अजून अधूनमधून विषय काढतो. सेन्सर उघडून पाहिले, बॅटऱ्या बदलल्या, ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या सरांना दाखवलं. त्यांनाही दोष सापडला नाही. त्यानंतर तसा मेसेज पुन्हा कधी आला नाही. मंगलला भास झाला म्हणावं तर मोबाईलमधला मेसेज मी स्वतः पाहिला. मेसेज चुकीचा म्हणावा तर मंगलने जे सांगितलं त्याचं काय करायचं?

कारण मला सापडलेलं नाही. कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पण 'आले हो' असं मी जगात एकाच माणसाला म्हणायची. त्या दुपारी मी हैदराबादच्या बाल्कनीत एकटी बसले होते, आणि केडगावात माझ्या घरात जी कोणी होती, तिला आतून कोणीतरी बोलावत होतं.